१२३४५६७८९८७६५४३२१ : एका डेमलो संख्येच्या अवयवांविषयी

खाडीकाठ (ठाणे)

या धाग्याचा विषय शीर्षकातली एकच संख्या आहे. ती सतरा अंकी आहे. आपल्या पद्धतीने स्वल्पविराम दिल्यास ती १२,३४,५६,७८,९८,७६,५४,३२१ अशी लिहिली जाते, आणि भास्कराचार्यांनी 'लीलावती'त दिलेल्या स्थानांच्या नावांप्रमाणे तिचा पहिला अंक 'मध्य' या स्थानी, म्हणजे परार्धाच्या एकच घर अलीकडे पडतो. डावीकडून वाचली काय आणि उजवीकडून वाचली काय, ती तीच राहते. तिची ओळख बहुतेकांना शाळेतच झालेली असते, कारण ती १११११११११ या संख्येचा वर्ग आहे. उभा गुणाकार मांडला की प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकते, त्यामुळे स्तंभांच्या बेरजा एकापासून नऊपर्यंत चढतात आणि तशाच उतरतात. कोणत्याही स्तंभाची बेरीज नऊच्या पुढे जात नसल्यामुळे हातचा कुठेही येत नाही.

एक, १२१, १२३२१ अशा चढत जाणाऱ्या या मालिकेला दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांनी अद्भुत डेमलो संख्या असे नाव दिले. त्यांचे टिपण १९३८ मध्ये 'द मॅथेमॅटिक्स स्टुडंट' या नियतकालिकात आले होते. कापरेकरांचा जन्म १९०५ साली डहाणूला झाला, शालेय शिक्षण आपल्या ठाण्यात झाले, पुढे ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकले आणि १९३० ते १९६२ या काळात देवळालीला शाळेत शिकवत होते. त्यांचे ६१७४ (चार अंकी संख्येचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करत राहिल्यास शेवटी येणारी संख्या) सर्वांना ठाऊक असते. डेमलो संख्यांविषयी मात्र आपल्या भागातही फारसे बोलले जात नाही.

माझ्याकडे रविवारी गणितासाठी येणाऱ्या नववीच्या मुलांपैकी एका मुलीने विचारले की अंकांची ही कमान बाजूला ठेवली, तर या संख्येत विशेष असे काही उरते का. मला प्रश्न आवडला. संख्येचे मूळ अवयव कोणते, ते तेच का, आणि अंकांच्या या रचनेचा त्यांच्याशी काही संबंध आहे का, एवढ्यापुरती चर्चा व्हावी अशी अपेक्षा आहे.

डोंबिवलीकर_जुना

नावाचा उलगडा आधी करून टाकतो, कारण तो आमच्या गावाचा आहे. जी. आय. पी. (ग्रेट इंडियन पेनिन्शुला) रेल्वेच्या काळात मुंबईपासून सुमारे ३० मैलांवरचे डेमलो हे स्थानक म्हणजेच आजचे डोंबिवली. या संख्यांची कल्पना कापरेकरांना तिथे सुचली, म्हणून त्यांनी स्थानकाचेच नाव त्यांना देऊन टाकले. आज त्या फलाटावर उभे राहून कोणाला काही सुचेल असे वाटत नाही. गाडीत पाय ठेवायला जागा मिळाली तरी पुष्कळ झाले.

माझा प्रश्न साधा आहे. नऊऐवजी दहा एकक (म्हणजे १ हा अंक दहा वेळा लिहून होणारी संख्या) घेतले, तर ही रचना नेमकी कशी मोडते?

खडूफळा

दहा एककांचा वर्ग १२३४५६७९००९८७६५४३२१ असा येतो. मधल्या स्तंभाची बेरीज दहा होते, तिथे शून्य राहून एक हातचा डावीकडे जातो. डावीकडे नऊ असतात, त्यांचे दहा होऊन पुन्हा शून्य राहते आणि हातचा पुढच्या आठवर जाऊन त्याचे नऊ होतात. म्हणून डाव्या चढणीतला आठ नाहीसा होतो.

हे पडताळण्याची एक सुबक रीत आहे. हातचा नसेल तर वर्गाच्या अंकांची बेरीज ही मूळ संख्येच्या अंकांच्या बेरजेचा वर्ग असते. नऊ एककांच्या बाबतीत ती ८१ येते आणि आपल्या संख्येच्या अंकांची बेरीज खरोखरच ८१ आहे. दहा एककांसाठी ती १०० यायला हवी होती; परंतु प्रत्येक हातच्यामागे अंकांची बेरीज नऊने घटते, हातचे दोन आले, म्हणून ती ८२ भरते. दशमान पद्धतीत ही कमान अखंड राहण्याची शेवटची पायरी म्हणजे खाडीकाठ यांनी निवडलेली संख्या.

आता अवयव. १११११११११ चे तीन-तीन अंकांचे गट पाडले की ती १११ × १००१००१ आहे हे लगेच दिसते. पैकी १११ = ३ × ३७. दुसऱ्या अवयवाच्या अंकांची बेरीज तीन, म्हणून तोही तीनने विभाज्य आहे आणि भागाकार ३३३६६७ येतो. म्हणजे नऊ एककांची संख्या ३ × ३ × ३७ × ३३३६६७ अशी आहे, आणि आपल्या संख्येत यातला प्रत्येक अवयव दुप्पट वेळा येतो. ३३३६६७ ही मूळ संख्या आहे. तिची सिद्धता कोणी तरुणाने लिहावी. जाता जाता तिचा वर्ग पाहा : १११३३३६६६८८९.

येऊरवाट

या संख्येचे एक धाकटे भावंड फार जुने आहे. नवव्या शतकात महावीराचार्यांनी 'गणितसारसंग्रह' या ग्रंथात माळेसारख्या दिसणाऱ्या संख्या गुणाकारातून तयार करण्याची उदाहरणे दिली आहेत. त्यांत २७९९४६८१ × ४४१ = १२३४५६५४३२१ हे एक आहे. ते सहा एककांच्या संख्येचा वर्ग आहे, पण तसे न सांगता त्यांनी वेगळीच फोड दिली. तिच्यातला पहिला अवयव ५२९१ चा वर्ग आणि दुसरा २१ चा. ५२९१ म्हणजे ११ × १३ × ३७, आणि २१ म्हणजे ३ × ७. खडूफळा सरांच्या फोडीतला ३७ इथेही हजर आहे.

पाया_दोन (ऐरोली)

मला या विषयाबद्दल मूळ शंका आहे, ती स्पष्टपणे मांडतो. ही सगळी शोभा दहा या पायाची आहे. हीच संख्या द्विमान पद्धतीत लिहिली की कमान नाहीशी होते आणि शून्य-एकांची एक कंटाळवाणी रांग उरते. संख्येचा गुणधर्म आणि तिच्या लेखनाचा गुणधर्म यांत फरक केला पाहिजे. इंग्रज गणितज्ञ जी. एच. हार्डी यांनी १९४० मध्ये ८७१२ आणि ९८०१ या संख्यांच्या उदाहरणाने नेमका हाच मुद्दा मांडला होता. या दोन चार अंकी संख्या स्वतःच्या उलट्या रूपाच्या अनुक्रमे चौपट आणि नऊपट आहेत. असल्या गोष्टी कोड्यांच्या सदराला शोभतात, गणितज्ञाला त्यांत घेण्यासारखे काही नाही, असा त्यांचा अभिप्राय होता. कापरेकरांच्या कामाविषयी मला आदर आहे, परंतु हा आक्षेप त्यालाही लागू पडतो असे मला वाटते.

शेषफल (नेरूळ)

पाया_दोन यांच्या आक्षेपाकडे येण्याआधी खडूफळा सरांनी सोपवलेले काम पूर्ण करते, कारण आक्षेपाचे उत्तरही त्यातच आहे.

नऊ एककांच्या संख्येला नऊने गुणले की ९९९९९९९९९ मिळते, म्हणजे दहाचा नववा घात उणे एक. तिचे अवयव ३ चा चौथा घात, ३७ आणि ३३३६६७. आता एखादी मूळ संख्या ९९९९९९९९९ ला भागते याचा अर्थ, त्या मूळ संख्येने एकाला भागल्यावर येणाऱ्या दशांश अपूर्णांकाचे आवर्तन नऊ अंकांत पूर्ण होते. आवर्तनाची खरी लांबी मग नऊची विभाजक असलीच पाहिजे : एक, तीन किंवा नऊ. एक छेद तीन म्हणजे ०.३३३…, लांबी एक. एक छेद सदतीस म्हणजे ०.०२७०२७…, लांबी तीन. एक छेद ३३३६६७ म्हणजे ०.०००००२९९७०००००२९९७…, लांबी नऊ; कारण ३३३६६७ × २९९७ = ९९९९९९९९९. यात कौतुकाची गोष्ट अशी की एक लांबीचे आवर्तन देणारी तीनखेरीज दुसरी मूळ संख्या नाही, तीन लांबीचे आवर्तन देणारी सदतीसखेरीज दुसरी नाही, आणि नऊ लांबीचे आवर्तन देणारी ३३३६६७ खेरीज दुसरी नाही. म्हणजे धाग्यातल्या संख्येचे तिन्ही मूळ अवयव आपापल्या लांबीचे एकटेच धनी आहेत.

आता ३३३६६७ मूळ आहे याची सिद्धता. तिचे वर्गमूळ ५७७ आणि ५७८ यांच्या मध्ये येते. साध्या रीतीने जायचे तर ५७७ पर्यंतच्या सर्व म्हणजे १०६ मूळ संख्यांनी भागून पाहावे लागेल. वरच्या विचाराने हे काम पुष्कळ हलके होते. समजा, म ही मूळ संख्या ३३३६६७ ला भागते. मग ती ९९९९९९९९९ लाही भागते, म्हणून तिच्या आवर्तनाची लांबी एक, तीन किंवा नऊ आहे. एक असेल तर म म्हणजे तीन. पण ३३३६६७ च्या अंकांची बेरीज २८ आहे, म्हणून ते शक्य नाही. तीन असेल तर म म्हणजे ३७; पण ३७ × ९०१८ = ३३३६६६, बाकी एक उरते, म्हणून तेही नाही. उरली लांबी नऊ. फर्माच्या छोट्या प्रमेयानुसार आवर्तनाची लांबी म उणे एक या संख्येला भागते, म्हणून म उणे एक नऊने विभाज्य आहे. म विषम असल्यामुळे ती अठरानेही विभाज्य आहे. ५७७ पर्यंतच्या अशा मूळ संख्या, ३७ वगळता, एवढ्याच : १९, ७३, १०९, १२७, १६३, १८१, १९९, २७१, ३०७, ३७९, ३९७, ४३३, ४८७, ५२३, ५४१, ५७७. या सोळा भागाकारांत प्रत्येक वेळी बाकी उरते. सर्वांत थोडक्यात हुकणारी १६३ आहे, तिथे बाकी सहा उरते. ठाणे ते नेरूळ या प्रवासात कागद-पेन्सिलने हे सोळाही भागाकार होतात, बसायला जागा मिळाली तर.

वाशीची_वीणा

शेषफल, फर्माच्या प्रमेयाचा दाखला शाळेतल्या मुलांना पटेल अशा शब्दांत देता येईल का?

शेषफल (नेरूळ)

म ही दोन आणि पाच सोडून कोणतीही मूळ संख्या घ्या. एकाला म ने भागताना पायरीपायरीला ज्या बाक्या येतात, त्या सर्व १ पासून म उणे एक यांच्यामधल्या असतात. त्या एका चक्रात फिरतात आणि चक्राची लांबी हीच आवर्तनाची लांबी. जी बाकी या चक्रात आलीच नाही, तिच्यापासून भागाकार सुरू केला तर तेवढ्याच लांबीचे दुसरे चक्र मिळते आणि त्याची पहिल्याशी गाठ पडत नाही. अशा रीतीने म उणे एक बाक्या सारख्या लांबीच्या चक्रांत वाटल्या जातात, म्हणून चक्राची लांबी म उणे एक या संख्येला नि:शेष भागते. मुलांना ३७ चे उदाहरण द्या : ३६ बाक्या, तीन-तीनांची बारा चक्रे.

वाशीची_वीणा

हे मुलांपर्यंत पोहोचेल. आभार.

शेषफल (नेरूळ)

आता पाया_दोन यांचा आक्षेप. दहा हा पाया माणसाने निवडला हे खरे आहे. पण पाया बदलला की वर सांगितलेली रचना नाहीशी होत नाही, ती त्या पायात नव्याने उभी राहते. अष्टमान पद्धत घ्या. तिथे सात एकक लिहून त्यांचा वर्ग केला की १२३४५६७६५४३२१ येतो, कारण आठच्या पायात सातपर्यंत हातचा येत नाही. ते सात एकक आपल्या दशमान लेखनात २९९५९३ होतात आणि त्यांचे अवयव ७ × १२७ × ३३७. आठच्या पायात एक छेद सातच्या आवर्तनाची लांबी एक आहे, १२७ आणि ३३७ यांची सात. म्हणजे कमान ज्या कारणाने उभी राहते, त्याच कारणाने तिच्यात विशिष्ट मूळ अवयव येतात. कोणताही पाया ब घेतला आणि ब उणे एक इतके एकक लिहिले, तर ती संख्या ब उणे एक हिने नेहमीच विभाज्य असते, कारण त्या पायात अंकांच्या बेरजेची कसोटी तेच सांगते.

त्या भागाकाराचे रूपही पाहण्यासारखे आहे. दहाच्या पायात १११११११११ ला नऊने भागले की १२३४५६७९ येतात, म्हणजे ३७ × ३३३६६७. यात आठ नाही. आठच्या पायात सात एककांना सातने भागले की १२३४५७ येतात. तिथे सहा नाही. प्रत्येक पायात शेवटून दुसरा अंक गळतो. हा दहाचा लहरीपणा नव्हे.

पाया_दोन (ऐरोली)

अष्टमानातले १२३४५७ मी संगणकावर तपासून घेतले, ते बरोबर आहे. दशमानात ती संख्या ४२७९९. हा मुद्दा मान्य. तरीही एक वेगळी मागणी करतो : या संख्येचा असा एखादा गुणधर्म सांगा की ज्यात पायाचा उल्लेखच नाही.

खडूफळा

ती मागणी रास्त आहे आणि तिचे उत्तर मला फार आवडते.

कोणती संख्या दोन वर्गांची बेरीज म्हणून लिहिता येईल हे तिच्या मूळ अवयवांवर ठरते. चारने भागून एक बाकी उरणारे विषम मूळ अवयव अशी फोड होऊ देतात. तीन बाकी उरणारे मूळ अवयव स्वतः काही देत नाहीत, ते दोन्ही वर्गांत सारखेच शिरतात. आपल्या संख्येच्या तीन मूळ अवयवांपैकी ३ ची बाकी तीन. ३३३६६७ चे शेवटचे दोन अंक ६७, त्याचीही बाकी तीन. एकट्या ३७ ची बाकी एक. म्हणजे दोन वर्गांच्या बेरजेचा सगळा भार ३७ वर आहे. ३७ म्हणजे सहाचा वर्ग अधिक एकाचा वर्ग, त्यावरून ३७ चा वर्ग म्हणजे ३५ चा वर्ग अधिक १२ चा वर्ग (१२२५ + १४४ = १३६९). आता १११११११११ ला ३७ ने भागले की ३००३००३ येतात. या संख्येने ३५ आणि १२ यांना गुणा.

मिळते ते असे : १०५१०५१०५ चा वर्ग अधिक ३६०३६०३६ चा वर्ग बरोबर १२३४५६७८९८७६५४३२१.

पायथागोरसचे त्रिकुट म्हणून लिहिल्यास (३६०३६०३६, १०५१०५१०५, १११११११११). मुख्य गोष्ट अशी की शून्याचा वर्ग घेतलेली क्षुल्लक फोड सोडली, तर या संख्येची दोन वर्गांत होणारी ही एकमेव फोड आहे. कर्ण नऊ एककांचा आणि बाजू पूर्णांक असा काटकोन त्रिकोण एकच. हा गुणधर्म कोणत्याही पायात लिहा, तसाच राहतो; दहाच्या पायात तो देखणा दिसतो एवढेच, आणि तसा तो दिसतो याचे कारण ३७ × २७ = ९९९ हे आहे. ३७ ने भागलेल्या गोष्टी दहाच्या पायात तीन-तीन अंकांच्या गटांनी फिरत राहतात.

खाडीकाठ (ठाणे)

सरांची ही फोड मी मुलांना पडताळायला देणार आहे. थोडा हिशेब माझ्याकडूनही नोंदवतो. अवयवांच्या घातांवरून (चार, दोन, दोन) एकूण विभाजक ५ × ३ × ३ = ४५. पूर्ण वर्ग असल्यामुळे विभाजकांची संख्या विषम येणारच होती. सर्व विभाजकांची बेरीज १२१ × १४०७ × १११३३४०००५५७, म्हणजे १८९५४२७९५९२८२७५७९. ही बेरीज संख्येच्या दुपटीपेक्षा बरीच कमी आहे, तेव्हा परिपूर्ण संख्येशी (जिच्या सर्व विभाजकांची बेरीज तिच्या नेमकी दुप्पट असते) तिचे काही नाते नाही. या बाजूला फार काही सापडेल असे मला वाटत नाही.

डोंबिवलीकर_जुना

एक जुनी गंमत आठवली. आपल्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने, म्हणजे ८१ ने गुणा : ९९९९९९९९८००००००००१ येते. तो ९९९९९९९९९ चा वर्ग आहे. त्याचे नऊ-नऊ अंकांचे दोन भाग पाडून बेरीज केली की ९९९९९९९९८ + १ = ९९९९९९९९९ परत मिळते. अशा संख्यांनाच कापरेकर संख्या म्हणतात ना?

शेषफल (नेरूळ)

होय, आणि माझ्या मते या धाग्यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट इथे आहे.

कापरेकर संख्येची व्याख्या अशी : संख्येचा वर्ग करावा, त्याचे उजवीकडून ठरावीक अंकांवर दोन भाग करावेत, आणि त्या भागांची बेरीज मूळ संख्येइतकी यावी. २९७ चा वर्ग ८८२०९, आणि ८८ + २०९ = २९७. ७०३ चा वर्ग ४९४२०९, आणि ४९४ + २०९ = ७०३. आता नऊ अंकांवर तोडणाऱ्या कापरेकर संख्या शोधू. संख्या क, वर्गाचा डावा भाग ड, उजवा उ. क चा वर्ग म्हणजे ड × १०००००००००, अधिक उ. आणि क म्हणजे ड अधिक उ. वजाबाकी केली की क × (क − १) = ड × ९९९९९९९९९ उरते. म्हणजे क आणि तिच्या आधीची संख्या यांचा गुणाकार ९९९९९९९९९ ने विभाज्य असला की पुरे. लगतच्या दोन संख्यांत सामाईक अवयव नसतो, त्यामुळे ८१, ३७ आणि ३३३६६७ हे तीन तुकडे अखंडच वाटले जातात : प्रत्येक तुकडा एक तर क कडे जातो, नाही तर क − १ कडे. तीन तुकडे, प्रत्येकाला दोन पर्याय, एकूण आठ उत्तरे. डग्लस इयानुची यांनी २००० साली सर्व कापरेकर संख्यांचा असा मेळ दहाच्या घात उणे एक या संख्यांच्या विभाजकांशी लावून दाखवला.

आठपैकी एक उत्तर १, एक ९९९९९९९९९. उरलेल्या सहा संख्या तीन जोड्यांत येतात, प्रत्येक जोडीची बेरीज १०००००००००, आणि प्रत्येक जोडी धाग्यातल्या संख्येच्या एकेका मूळ अवयवाला वेगळे काढल्यावर मिळते. ३३३६६७ वेगळा काढला की ३३२९९९६६७ आणि ६६७०००३३३. सदतीस वेगळा काढला की ४३२४३२४३२ आणि ५६७५६७५६८. तीनचा घात, म्हणजे ८१ वेगळा काढला की २३४५६७९०१ आणि ७६५४३२०९९. पडताळ्यासाठी ६६७०००३३३ चा वर्ग : ४४४८८९४४४२२२११०८८९. दोन भाग ४४४८८९४४४ आणि २२२११०८८९, बेरीज ६६७०००३३३.

डेमलो संख्या कापरेकरांनी १९३० च्या दशकात मांडल्या आणि कापरेकर संख्या वेगळ्या वाटेने. दोन्हींच्या मुळाशी एकच फोड आहे, ९९९९९९९९९ ची. शिवाय तिसऱ्या जोडीकडे नीट पाहा. एक छेद ८१ म्हणजे ०.०१२३४५६७९०१२३४५६७९…, आणि २३४५६७९०१ हे त्याच आवर्तनाचे रूप, दोन घरे पुढून वाचलेले. ते १९ छेद ८१ चे आवर्तन आहे.

खडूफळा

२३४५६७९०१ चा वर्ग हाताने केला : ५५०२२१००१७९५४५८०१. तुकडे ५५०२२१०० आणि १७९५४५८०१. जमते. मीही देवळालीसारख्याच एका लहान शाळेत आयुष्य काढले, पण ही जोड मला ठाऊक नव्हती.

पाया_दोन (ऐरोली)

वरची सिद्धता दहाच्या जागी आठ ठेवूनही चालायला हवी, म्हणून ती करून पाहिली. आठचा सातवा घात उणे एक म्हणजे २०९७१५१, तिचे अवयव ४९ × १२७ × ३३७. इथेही तीन तुकडे, म्हणून आठ उत्तरे. ४९ वेगळा काढल्यावर मिळणारी जोडी दशमान लेखनात १२४११७१ आणि ८५५९८१. पहिली संख्या ४२७९९ च्या २९ पट आहे. अष्टमानात ती ४५७०१२३ अशी लिहिली जाते, म्हणजे शेषफल यांच्या ०१२३४५७ या आवर्तनाचेच चारपासून सुरू झालेले रूप. तिचा वर्ग ७३४५७० × २०९७१५२ + ५०६६०१ असा येतो, आणि ७३४५७० + ५०६६०१ = १२४११७१.